मुलांचे महाविद्यालय आणि घरची पुंजी

(वार्षिक संमेलनात शिक्षणसाहाय्य समितीच्या वतीने झालेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आताच आपण पार पाडला. त्या मुलामुलींचे कौतुक करण्यात आम्हीही मागे नाही. तथापि शिक्षणसाहाय्य समितीत बसून पालकांचे अर्ज वाचण्याचे काम गेली कित्येक वर्षे आमच्याकडे असल्यामुळे, टाळ्या वाजत असताना आमचे लक्ष व्यासपीठाऐवजी मागच्या रांगेतील आईबापांकडे जाते. बक्षीस मुलाच्या हाती पडते आणि पुढील चार वर्षांच्या शुल्काची चिंता बापाच्या माथी. ह्या दुसऱ्या गोष्टीविषयी आपल्या संमेलनात आजवर फारसे बोलले गेलेले नाही. ते आज बोलावे अशी कार्यकारी मंडळाची इच्छा झाली, म्हणून आम्ही आपल्यापुढे उभे आहोत.

आपल्या आजोबांच्या पिढीत विद्यार्थ्यापुढे मुख्य प्रश्न पोटाचा होता. वार लावून जेवावे, बोर्डिंगात राहावे, शिकवण्या कराव्या आणि परीक्षा द्यावी, असा तो काळ होता. १९८३ साली, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, शासनाने विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि चित्र पालटले. अभियंता होण्यासाठी ज्यांना परप्रांत गाठावा लागला असता त्यांना घराजवळ जागा मिळू लागली, हा उपकार कोणी नाकारू नये. परंतु त्याबरोबरच शिक्षणाचा सगळा खर्च पालकाच्या खिशावर आला, आणि पावतीवाचून घेतल्या जाणाऱ्या ‘देणगी’ची चाल पडली, हेही तितकेच खरे.

ह्या देणगीविरुद्ध महाराष्ट्रात १९८७ चा कायदा आहे. टी. एम. ए. पै प्रकरणात २००२ साली आणि इनामदार प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने नफेखोरी व कॅपिटेशन फी निषिद्ध ठरविली. २०१५ च्या अधिनियमान्वये खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क ठरविण्यास शुल्क नियामक प्राधिकरण नेमले गेले, आणि प्रत्येक महाविद्यालयास मंजूर झालेला आकडा कोणालाही पाहता येतो. असे असूनही आमच्याकडे येणाऱ्या अर्जदारांपैकी तो आकडा आधी पाहिलेले पालक विरळाच. बहुतेकांची माहिती शेजाऱ्यांकडून, क्लासवाल्यांकडून, अथवा (रागावू नये) ह्याच स्मरणिकेतील जाहिरातींवरून मिळालेली असते.

पालकांशी बोलताना जो पश्चात्ताप आमच्या कानी वारंवार पडतो, तो बहुधा पहिल्या वर्षाच्या हिशेबाचा असतो. एका सेवानिवृत्त गृहस्थांनी पहिल्या वर्षाचे शुल्क भविष्यनिर्वाह निधीतून काढून मोठ्या समाधानाने भरले. त्यांनी न धरलेला खर्च पुढे निघाला: वसतिगृह, खाणावळ, बसभाडे, संगणक, परीक्षेचे शुल्क, आणि एखाददुसरा विषय राहिला म्हणून वाढलेले सहा महिने. तिसऱ्या वर्षी गावाकडची जमीन गेली. मुलगा पदवीधर झाला, नोकरीही लागली. त्यात वाईट काही नाही. परंतु धाकटी कन्या बारावीला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली तेव्हा घरात काही उरले नव्हते, आणि ती जवळच्या महाविद्यालयात जो अभ्यासक्रम मिळाला तो घेऊन बसली. ते गृहस्थ आम्हांला म्हणाले, “थोरल्याचे महाविद्यालय आम्ही निवडले; धाकटीचे कोणी निवडलेच नाही.” ह्या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

मुलगा आणि मुलगी ह्यांमधील हा भेद कोणी हेतुपुरस्सर करतो असे नाही. पैसा आधी आलेल्या गरजेवर संपतो आणि बहुधा ती गरज मुलाची असते, एवढेच. म्हणून एका मुलाचे महाविद्यालय ठरविताना घरातील सर्व मुलांची वये कागदावर मांडावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. २०२४-२५ पासून, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागासवर्ग आणि आर्थिक दुर्बल घटक ह्यांतील मुलींना शासन व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ करते. मात्र ही सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून गेलेल्यांसाठी आहे. व्यवस्थापनाच्या जागेवर प्रवेश घेतल्यास ती हातची जाते. घाईने घेतलेला प्रवेश किती महाग पडतो, ह्याचे हे एक उदाहरण.

आता कर्जाविषयी. आपल्या समाजात शैक्षणिक कर्जाची एक तर लाज वाटते, नाहीतर ते मुलगा फेडीलच म्हणून डोळे मिटून घेतले जाते. दोन्ही वृत्ती हिशेब न केल्यामुळे उत्पन्न होतात. समजा, चार वर्षांसाठी दर वर्षाच्या आरंभी अडीच लाख, असे एकूण दहा लाख दहा टक्के व्याजाने घेतले. शिक्षणकाळ आणि त्यापुढील एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज थांबत नाही. सरळ व्याजानेही त्या पाच वर्षांत साडेतीन लाख चढतात. मग साडेतेरा लाखांची फेड दहा वर्षांत करू म्हटल्यास हप्ता दरमहा सुमारे १७,८०० रुपये पडतो आणि एकूण परतफेड एकवीस लाखांच्या वर जाते. तेच व्याज पालकांनी त्या त्या वेळी भरीत गेल्यास, म्हणजे पहिल्या वर्षी महिना दोन हजारांच्या आसपास आणि शेवटी आठ हजारांच्या आसपास, तर पुढचा हप्ता सुमारे १३,२०० रुपयांवर येतो आणि एकंदरीत दोन लाख वाचतात. नवशिक्या नोकरदाराच्या पहिल्या पगारातून ह्या दोहोंपैकी कोणता हप्ता निघेल, हे प्रवेशाच्या आधी विचारावयाचे आहे. जुनी करपद्धती स्वीकारणाऱ्यास ह्या कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, मुदलावर नाही.

आणि हा हिशेब मुलासमोर करावा. ह्या बाबतीत आमचे मत ज्येष्ठांना कदाचित रुचणार नाही. मुलाच्या मनावर ओझे नको म्हणून आकडे लपविण्याची आपली रीत प्रेमापोटीच पडली आहे. परंतु अठरा वर्षांच्या मुलाची कर्जाच्या कागदावर सही घेतली जाते, आणि त्या कागदावरील रक्कम त्याला ठाऊक नसते, हे कसले प्रेम? ज्या घरांत मुलाला खर्च मोकळेपणाने सांगितला, तेथे कित्येकदा मुलानेच स्वस्त मार्ग सुचविल्याचे आम्ही पाहिले आहे. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेऊन पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाणे, हा असाच एक मार्ग. त्याला आपल्याकडे उगाचच कमीपणा चिकटला आहे.

महाविद्यालय पाहण्यास जाल तेव्हा इमारतीपेक्षा प्रयोगशाळा पाहावी, आणि तीही चालू तासाला. ज्या शाखेत प्रवेश घ्यावयाचा तिला राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाची मान्यता आहे काय, हे विचारावे. संस्थेचे नॅक मानांकन निराळे आणि शाखेची मान्यता निराळी. नोकऱ्यांचे मोठमोठे आकडे भिंतीवर लावलेले असतात. त्यांपैकी सर्वांत मोठा पगार एकाच विद्यार्थ्याचा असतो. त्याच शाखेतून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या चार मुलांना गाठून विचारल्यास अधिक कळेल. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवू नयेत असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली स्पष्ट बजावले आहे. तेव्हा “कागद आमच्याकडेच राहू द्या” असे कोणी म्हटल्यास दबून जाऊ नये.

राहता राहिला आपल्या मंडळाचा वाटा. आपण आजवर सत्कारात शाल, श्रीफळ आणि पाकीट देत आलो, आणि साहाय्याचे अर्ज प्रवेश झाल्यावर, म्हणजे निर्णय होऊन गेल्यावर, मागवीत आलो. तेव्हा समितीच्या वतीने आम्ही सभेपुढे अशी सूचना ठेवीत आहोत: अर्ज बारावीच्या निकालाआधी घ्यावे, आपल्या ज्ञातीतील बँकेत काम केलेले व महाविद्यालयांत शिकवणारे दोघेतिघे रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयात बसावे आणि येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा चार वर्षांचा खर्च मांडून द्यावा, आणि निधीतून पहिल्या वर्षाचे शुल्क देण्याऐवजी कर्जाचे शिक्षणकाळातील व्याज भरण्यास साहाय्य करावे, म्हणजे तेवढ्याच रकमेत अधिक मुलांना हात देता येईल. सूचनेस अनुमोदन मिळाल्यास येत्या महिन्यापासून कामास आरंभ करता येईल. कार्यालयाची किल्ली चिटणिसांकडे आहे, आणि पहिल्या रविवारी बसण्याचे आम्ही आमच्याकडून कबूल केले आहे.