सैतानावर जीव जडतो तेव्हा

रायपूरच्या शंकर नगरातील आमच्या घरी सध्या एक पुस्तक उशीखाली दडविले जात आहे. मुलगी सतरा वर्षांची, परीक्षा तोंडावर आलेली, आणि हाती एक जाडजूड इंग्रजी कादंबरी. तिची नायिका प्रत्यक्ष सैतानाच्या प्रेमात पडते. सैतान देखणा आहे, दुःखी आहे आणि मुलीच्या मते मनाने फार चांगला आहे. "भुताखेतांशी कसला गं संसार?" असे आजी म्हणाली आणि प्रकरण निवाड्यासाठी माझ्यापुढे आले. सरकारी नोकरीत वर्षे काढलेल्या माणसाला कागद पुढे आला की शेरा मारल्यावाचून राहवत नाही. या कागदावर मात्र मी शेरा मारला नाही. तो का, हेच आज सांगावयाचे आहे.

श्रोतेहो, हे वेड मुळीच नवे नाही. १८९५ साली मेरी कोरेली या इंग्रज लेखिकेची 'द सॉरोज ऑफ सेटन' ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि तिच्यावर वाचकांच्या उड्या पडल्या. माझ्या वडिलांच्या कपाटात तिची एक प्रत आहे, पुठ्ठा सुटलेली. तीत सैतान राजपुत्राच्या वेषात लंडनच्या बड्या समाजात वावरतो. सिबिल नावाची उमराव घराण्यातील विवाहिता त्याच्यावर लुब्ध होते व एका रात्री त्याला तसे सांगते. तो तिला झिडकारतो आणि ती विष घेते. मौज अशी की, आपल्या अधःपाताचा ठपका ही सिबिल आपण वाचलेल्या पुस्तकांवर ठेवते! कादंबरीनेच कादंबऱ्यांना आरोपी करावे, हा न्याय मोठा अजब खरा. पण त्या कथेतील सैतानाला मनुष्याने आपल्याला भुलू नये असेच वाटत असते. जो कोणी त्याला नाकारील तो त्याला स्वर्गाच्या एक पाऊल जवळ नेतो. तिथे प्रेम म्हणजे परीक्षा, आणि सिबिल तीत नापास झाली.

आपल्याकडे असा एकच एक सैतान नाही. हा शब्दसुद्धा आपण अरबीतून घेतलेला. आपल्यापाशी आहेत ते मुंजे, समंध, खवीस, हडळी आणि जखिणी. ज्याची त्याची वासना, ज्याचे त्याचे झाड. गोव्यातील हिंदूंचा देवचार हा गावाचा राखणदार, तर शेजारच्या ख्रिस्ती घरात तोच शब्द सैतानासाठी वापरतात. म्हणून आपल्या गोष्टींत भुतावर जीव जडणे हे पाप ठरण्याआधी एक पेच ठरते.

तो पेच विजयदान देथा यांनी जसा मांडला तसा मी अन्यत्र वाचला नाही. राजस्थानातील बोरुंदा गावी राहून या माणसाने लोकांच्या तोंडच्या कथा जन्मभर मारवाडीत लिहून काढल्या. त्यांची 'दुविधा' ही कथा ऐका. लग्न होऊन वऱ्हाड परतत असते. नवरा वाटेतही हिशेबात गढलेला. झाडावरचे एक भूत नववधूला पाहते आणि आपले भान हरपते. नवरा लगोलग पाच वर्षांसाठी व्यापाराला निघून जातो. भूत त्याचे रूप घेऊन घरी येते. सासऱ्याला ते फसविते, साऱ्या गावाला फसविते, पण वधूच्या दाराशी आल्यावर त्याच्याने फसविवत नाही. आपण कोण आहोत हे ते तिला सांगून टाकते आणि निर्णय तिच्यावर सोपविते. त्या बाईला जन्मात प्रथमच कोणीतरी काही विचारलेले असते! बापाने विचारले नव्हते, नवऱ्यानेही नाही. ती होकार देते.

पुढे खरा नवरा परत येतो. एक मेंढपाळ चतुराईने त्या भुताला कातडी पखालीत कोंडतो आणि न्याय झाला म्हणून गाव सुटकेचा निःश्वास टाकते. मणि कौल यांनी १९७३ साली या कथेवर चित्रपट काढला. २००५ साली आपल्या अमोल पालेकरांनी 'पहेली' काढला. पालेकरांनी शेवटी भुताला नवऱ्याच्या देहात वास दिला आणि बाईचा संसार राखला. प्रेक्षक सुखावले असतील. मला मात्र पखालीचा शेवटच खरा वाटतो. अलीकडे, २०२४ साली, आदित्य सरपोतदारांच्या 'मुंज्या'त कोकणातला मुंजाही लग्नासाठी हटून बसला आहे. पण तो विचारीत नाही, मागतो. दोघांतला फरक आमच्या मुलीने माझ्याआधी ओळखला.

हिडिंबा भीमावर भाळली, तिनेही आपण कोण हे लपविले नाही, कुंतीने संमती दिली आणि घटोत्कच जन्मला. राक्षसीशी संसार केला म्हणून भीमाला कोणी नावे ठेवल्याचे ऐकिवात नाही. मनालीला तर हिडिंबेचे देऊळ आहे. पण बाईचा संबंध भुताशी जोडला गेला की गोष्टीचा रंग पालटतो. युरोपात सैतानाशी संग केल्याच्या आरोपावरून शेकडो वर्षे बायकांना जाळले व फासावर दिले.

आणि हे दूरचे म्हणावे, तर मी ज्या प्रांतात राहतो तिथे 'टोनही' हा शब्द आहे. टोनही म्हणजे चेटकीण. अमक्या बाईला भूत वश आहे अशी कुजबूज गावात उठते. आणि ती बाई कोण, तर बहुधा विधवा, एकटी, कधी नावावर थोडी जमीन असलेली. कोणाचे मूल दगावते, कोणाची गाय आटते आणि बोट तिच्या दाराकडे वळते. तिच्या भुताला कोणी पाहिलेले नसते. मार मात्र तिला बसतो. छत्तीसगडने २००५ साली टोनही प्रताडना निवारण अधिनियम केला. एखादीला नुसते टोनही ठरविले तरी तीन वर्षांपर्यंत कारावास, छळ केला तर पाच वर्षांपर्यंत. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा व्हावयास २०१३ साल उजाडले. अशी प्रकरणे कागदावर वाचताना मला देथांची ती वधू आठवते. पखाल बांधली गेली. तिचे काय म्हणणे आहे, हे मेंढपाळाने विचारले नाही.

शेऱ्याचे म्हणाल तर मी मुलीला तिची कादंबरी परत केली, सोबत देथांचा कथासंग्रह आणि वडिलांच्या कपाटातील कोरेलीबाई दिल्या. कोरेलीबाई चाळिसाव्या पानाशी थांबल्या आहेत. 'दुविधा' वाचून झाली. भूत वधूला खरे सांगते त्या ओळींखाली पेन्सिलीची रेघ आहे, आणि दोन दिवस झाले, पुस्तक आजीच्या उशाशी आहे.