सह्याद्रीच्या पायथ्याची ऊब



चैत्र-वैशाखाच्या उकाड्यात उष्णतेवर व्याख्यान द्यायला उभे राहणे हा श्रोत्यांवर थोडासा अन्यायच आहे. परंतु ज्या उष्णतेविषयी आम्ही बोलणार आहोत ती आकाशातून येणारी नव्हे, पायांखालची आहे. तिच्यापासून वीज होते काय, होत असेल तर आपल्याकडे किती होईल, आणि ती करताना आपण काय गमावून बसू, एवढाच आजचा विषय आहे.

आपल्या भाषेत ऊन हा शब्द दोन अर्थांनी चालतो. सूर्याचे ऊन ते एक, आणि ऊन ऊन भात, ऊन पाणी ते दुसरे. कोकणी माणसाने या दुसऱ्या अर्थाची नोंद गावांच्या नावांतच करून ठेवली आहे. राजापूरजवळ उन्हाळे, दापोलीकडे उन्हवरे, पालीजवळ उन्हेरे. नाव ऐकले की तिथे ऊन पाण्याचा झरा असणार हे वेगळे सांगावे लागत नाही. आपल्या कोल्हापुराहून आंबा घाट उतरून संगमेश्वराकडे गेले की महामार्गालगत तुरळ, राजवाडी आणि आरवली ही गावे लागतात. तिथली कुंडे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. अणुस्कुऱ्याने उतरले तर राजापूरचे उन्हाळे. उत्तरेस हीच ओळ तानसा नदीच्या काठच्या वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीपर्यंत आणि त्याही पलीकडे जाते. सह्याद्रीला समांतर अशी ही सुमारे साडेतीनशे किलोमीटरांची माळ आहे. पाणी कुठे नुसते कोमट, तर कुठे सत्तर अंशांच्या आसपास. राजापूरची प्रसिद्ध गंगा मात्र या हिशोबात धरू नये. ती मधूनच प्रकटते आणि मधूनच जाते, तिची कहाणी वेगळी आहे. उन्हाळ्याचे गरम पाणी बारमाही आहे.

हा विषय आताच का निघाला? सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने भूऔष्णिक ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशात ३८१ उष्ण स्थळे नोंदली आहेत आणि एकंदर क्षमतेचा अंदाज १०,६०० मेगावॅटचा आहे, हे आकडे त्यानिमित्ताने वर्तमानपत्रांतून पुन्हा झळकले. आपल्या कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट. म्हणजे पाच कोयना जमिनीखाली निजलेल्या आहेत, असे कोणी म्हटले तर ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारणारच! पण या देशात आजवर अशी वीज प्रत्यक्ष किती झाली? हिमाचलात मणिकरणला पाच किलोवॅटचा एक प्रायोगिक संच चालवला होता. पाच किलोवॅट म्हणजे विहिरीवरच्या एका साडेसात अश्वशक्तीच्या मोटारीलाही पुरे पडणार नाहीत. दहा हजार मेगावॅट आणि पाच किलोवॅट यांमध्ये जे अंतर आहे ते केवळ सरकारी आळसाचे आहे, असे समजण्याची आपल्याकडे प्रथा आहे. आम्हांला ते अंतर मुख्यतः खडकाचे वाटते.

या विजेची गरज खरी आहे, यात शंका नाही. २०७० पर्यंत कर्बउत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचे वचन भारताने २०२१ साली ग्लासगोला दिले. २०२५ च्या मध्यास देशातील वीजनिर्मितीची निम्मी स्थापित क्षमता कोळसा-तेल-वायू सोडून इतर साधनांची झाली. मात्र क्षमता निम्मी म्हणजे वीज निम्मी नव्हे. सूर्य संध्याकाळी घरी जातो, वारा लहरी आहे, आणि रात्री दिवे लागतात ते अजून मुख्यतः कोळशावरच. जमिनीतील उष्णतेला दिवसरात्र नाही, पावसाळा-उन्हाळा नाही. केनियासारखा देश आपली जवळजवळ निम्मी वीज तिच्यापासून काढतो. इटलीत लार्देरेल्लो येथे १९०४ साली प्रिन्स जिनोरी कोंती याने जमिनीतल्या वाफेवर पाच दिवे लावून दाखवले, आणि १९१३ साली तिथे वीजकेंद्र उभे राहिले. न्यूझीलंडमधील वैराकेईचे केंद्र १९५८ चे आहे. तेव्हा ही विद्या नवी नाही, जुनी आणि पारखलेली आहे.

तिचे तत्त्व कोल्हापूरकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या साखर कारखान्यांत बगॅस जाळून बॉयलरमध्ये वाफ करतात, ती टर्बाइनवर सोडतात आणि वीज काढतात. लार्देरेल्लोला बॉयलर आणि बगॅस दोन्ही पृथ्वीचीच, एवढाच फरक. पण चांगली वाफ मिळायला जमिनीत दोन-अडीच किलोमीटरांच्या आत दोनशे अंशांच्या वरची उष्णता लागते, आणि ती मिळते जिथे पृथ्वीचे कवच फाटते आहे किंवा जिथे जागृत ज्वालामुखी आहेत तिथे : आइसलंड, इंडोनेशिया, फिलिपाइन्स, पूर्व आफ्रिका.

इथे कोणीतरी म्हणेल, आपला सह्याद्री तरी काय, लाव्हारसाचाच आहे की! खरे आहे, पण तो रस ओतला गेला त्याला साडेसहा कोटी वर्षे होऊन गेली. गुऱ्हाळातल्या काहिलीतला पाक वाफ्यात ओतल्यावर ढेप निवायला किती वेळ लागतो ते आपण जाणतो. या ढेपेला तर साडेसहा कोटी वर्षे मिळाली. कोकणातले झरे त्या लाव्ह्याच्या उबेने तापत नाहीत. पावसाचे पाणी डोंगरातील भेगांवाटे खोल झिरपते, तिथल्या साध्या, सर्वत्र असणाऱ्या उष्णतेने तापते, आणि एखादी मोठी भेग सापडली की वेगाने वर येते. वाटेत निवायला सवड मिळत नाही म्हणून ते ऊन राहते. गंधकाचा वास येतो म्हणून खाली ज्वालामुखी आहे असे नव्हे.

खाली खरोखर किती उष्णता आहे, हे पाहण्याची एक अपूर्व संधी आपल्या शेजारीच मिळाली. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी कऱ्हाडला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. तिने कोयना खोऱ्यात गोठणे येथे २०१७ साली तीन किलोमीटर खोल छिद्र पुरे केले. सुमारे सव्वा किलोमीटर काळा पत्थर, आणि त्याखाली अतिप्राचीन ग्रॅनाइटसारखा खडक, असा तो प्रवास होता. या भागात सहा किलोमीटर खोल गेले तरी उष्णता दीडशे अंशांच्या आसपासच असेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. सहा किलोमीटर! आपल्या शेतातली बोअर पाचशे फुटांवर गेली की घरात चिंता सुरू होते.

मग कमी उष्णतेवर वीज होत नाही काय? होते. अलास्कात चेना नावाचे ठिकाण आहे. तिथे २००६ पासून ७४ अंशांच्या पाण्यावर वीज काढतात. ते पाणी थेट वापरीत नाहीत. त्याच्या उबेने लवकर उकळणारा दुसरा एक द्रव उकळवतात आणि त्याची वाफ टर्बाइनवर घेतात. शीतकपाटाचे चक्र उलटे फिरवावे तसे हे आहे. चेनाचे उदाहरण आपल्याकडे वारंवार दिले जाते. परंतु त्यातली अर्धीच गोष्ट सांगितली जाते. उष्णतेची वीज होते ती दोन तपमानांमधील फरकावर. चेनाला गरम पाणी ७४ अंश, तर थंड करण्यासाठी मिळणारे पाणी चार अंशांच्या जवळपास : फरक सत्तर. तुरळ-राजवाडीला गरम पाणी साठ अंश धरा. कोकणात थंड पाणी आणणार कुठून? ते अठ्ठावीस अंशांचे. फरक बत्तिसाचा. चेनाला शंभर भाग उष्णतेतून आठ भाग वीज पदरात पडते. आपल्याला तीन-चार भाग पडले तरी पुष्कळ झाले.

आपण एक हिशोब करून पाहू. समजा एखाद्या झऱ्यातून सेकंदाला पाच लिटर पाणी साठ अंशांवर मिळते आणि त्याची वीस अंश उष्णता आपण काढून घेतो. ही उष्णता होते सुमारे चारशे किलोवॅट. तिची वीज केली तर पंधरा-सोळा किलोवॅट, म्हणजे शेतीच्या तीन मोटारी कशाबशा चालतील. पण तीच उष्णता उष्णता म्हणूनच वापरली तर? निम्मी वाया गेली असे धरले तरी तासाला अडीच-तीनशे किलो पाणी सुकवून उडवण्याइतकी ती आहे, आणि तीही रात्रंदिवस, सरपण न जाळता.

कोकणातल्या माणसाला या वाक्याचा अर्थ लगेच कळेल. रातांबा पिकतो एप्रिल-मे मध्ये. सालींना रसाची पुटे देऊन आमसुले उन्हात वाळत घालायची, आणि वाळवण निम्म्यावर असताना वळवाने गाठायचे, हे दरवर्षीचे रडगाणे आहे. काजू, आंबोशी, फणसाचे गरे, आणि बंदरावरची मासळी, या सगळ्यांचे भांडण ढगांशी आहे. ज्या तालुक्यांत हा माल पिकतो त्यांतच साठ-सत्तर अंशांचे पाणी शतकानुशतके ओढ्याला वाहून जात आहे. आइसलंडात या उष्णतेने घरे उबदार ठेवतात. आपल्याला घरे उबदार करायची नाहीत, पण वाळवणाची शेड करायची आहे, दूध तापवायचे आहे. आमचे मत स्पष्ट आहे : सह्याद्रीच्या पायथ्याला या उष्णतेचे पहिले काम वाळवणाचे, दुसरे स्नानाचे, आणि विजेचे त्यानंतरचे. मेगावॅटच्या मोहात हे काम कोणाला नजरेत भरत नाही, कारण वाळवणाच्या शेडचे उद्घाटन करायला मोठा माणूस येत नाही.

आता अधिक खोल जाण्याविषयी. कोरड्या तप्त खडकात छिद्रे पाडायची, दाबाने पाणी घालून खडक फोडायचा आणि त्या भेगांतून पाणी फिरवून उष्णता वर आणायची, ही पद्धत अमेरिकेत झपाट्याने पुढे जात आहे. २०२३ साली नेवाडात असा एक प्रकल्प यशस्वी झाला. लडाख-हिमालयात तिचा विचार जरूर व्हावा. पण कोयना-वारणेच्या पट्ट्यात? स्वित्झर्लंडमधील बाझेलला २००६ साली खडकात असे पाणी घालताच भूकंपाचे धक्के बसले आणि प्रकल्प सोडून द्यावा लागला. दक्षिण कोरियातील पोहांगला नोव्हेंबर २०१७ मध्ये ५.४ प्रतीचा भूकंप झाला. तो अशाच प्रकल्पामुळे घडून आला, असा निष्कर्ष तिथल्या सरकारी चौकशीने २०१९ साली काढला. आणि आपल्याला परदेशी दाखले कशाला हवेत? ११ डिसेंबर १९६७ ची पहाट या जिल्ह्यातील वडीलधाऱ्या मंडळींना अजून आठवत असेल. सुमारे दोनशे माणसे त्या धक्क्याने गेली. धरणाचे पाणी आणि जमिनीतल्या भेगा यांचा संबंध जगाने ज्या ठिकाणी शिकून घेतला, त्याच ठिकाणी दाबाने पाणी घालण्याची सूचना कोणी केली तर तिला आपण सभ्यपणे पण ठाम नकार द्यावा.

उथळ छिद्रांचा प्रश्न निराळा आहे, आणि आमच्या दृष्टीने तो अधिक नाजूक आहे. झरा आणि बोअर ही एकाच पाण्याची दोन तोंडे असतात. वैराकेईचे वीजकेंद्र चालू झाल्यावर जवळच्या दरीतील, जगभरचे प्रवासी पाहायला येत ते उष्ण पाण्याचे फवारे आटले. न्यूझीलंडातच रोटोरुआ शहरात घरोघर गरम पाण्याच्या बोअर झाल्या आणि तिथले फवारे क्षीण होऊ लागले. तेव्हा १९८६ साली सरकारने मुख्य फवाऱ्याच्या दीड किलोमीटर परिसरातील बोअर बंद करण्याचा निर्णय घेतला, आणि हळूहळू पाणी पुन्हा चढले. लडाखच्या पुगा खोऱ्यात, जिथे देशातली सर्वांत आशादायक जागा मानली जाते, तिथे ओएनजीसीने २०२१ च्या करारानंतर छिद्र घेतले. ऑगस्ट २०२२ मध्ये आतले पाणी ओढ्यात गेले आणि काम काही काळ थांबवावे लागले. धाडस करणाऱ्याकडून असे होते, त्यासाठी आम्ही कोणाला दोष देत नाही. पण पुग्यात वस्ती विरळ आहे. आपल्याकडे प्रत्येक कुंडाशी एक देऊळ आहे, एक गाव आहे, आणि संधिवाताने जखडलेली म्हातारी माणसे आहेत, जी एसटीने येतात, तासभर पाण्यात बसतात आणि हलकी होऊन परत जातात. तुमच्या वीजकेंद्राने ते पाणी आटले, तर त्या म्हाताऱ्यांस भरपाई कोणत्या खात्यातून देणार?

म्हणून कोणी कोकणात या कामासाठी यंत्र घेऊन उतरले, तर गावाने आधी तीन गोष्टी मागून घ्याव्यात. कुंडाचे तपमान आणि पाण्याचा ओघ यांची निदान वर्षभराची लेखी नोंद आधी व्हावी, म्हणजे उद्या पाणी कमी झाले की नाही यावर वाद होणार नाही. वापरलेले पाणी ओढ्यात न सोडता पुन्हा जमिनीत घालावे, कारण त्यातले क्षार भातशेतीला मानवत नाहीत. आणि ओघ ठरलेल्या मर्यादेखाली गेला तर बोअर बंद करण्याचा अधिकार ग्रामसभेकडे असावा. नोंद ठेवण्याच्या कामाला तर कोणाची वाट पाहण्याचेही कारण नाही. एक तपमापक, एक घड्याळ, एक मापाची बादली आणि एक वही एवढे सामान लागते. संगमेश्वर-राजापुरातल्या माध्यमिक शाळांची विज्ञान शिकणारी मुले ते दर पंधरवड्याला करू शकतील.