शीतपेयाच्या नावाचा सातबारा



सातबारा म्हणजे काय, हे मावळातील शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. जमीन कसणारा एक आणि उताऱ्यावरील नाव दुसऱ्याचे, असे झाले की पीक कोणाच्या घरी जाते, हे तो पुरते जाणतो. असाच उतारा आज शीतपेयाच्या बाटलीचा काढून पाहावयाचा आहे. पावसाळ्यात भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी वाहू लागले की येथील टपऱ्यांवर भाजलेल्या कणसांबरोबर या बाटल्याही मांडल्या जातात. त्यातील पाणी याच मातीतले, साखर या देशातली आणि बाटल्या भरणारे हातही आपल्याच बांधवांचे. मग परके ते काय? परका असतो त्यातील अर्काचा करार आणि परके असते नाव. सत्ता चालते ती नावाचीच.

या व्यवसायाची रीत समजून घेतली पाहिजे. नावाचा मालक अर्क पुरवतो आणि बाटल्या भरण्याचा परवाना प्रदेश आखून देतो. एकाच्या हद्दीत दुसऱ्याने पाऊल टाकावयाचे नाही. पेप्सीची भारतातील बहुतांश बाटलीभरणी वरुण बेव्हरेजेस ही भारतीय कंपनी करते. २०१९ साली तिला दक्षिण व पश्चिम भारतातील आणखी प्रदेश मिळाला, तेव्हा महाराष्ट्र, कर्नाटक व मध्य प्रदेश यांतील काही जिल्हेच त्या व्यवहारात होते. कारखाना भारतीय, भांडवल भारतीय. नाव मात्र भाड्याचे.

नावाची मालकीसुद्धा सीमेपाशी बदलते. सेव्हन अप हे नाव भारतात पेप्सीको कंपनीचे आहे. अमेरिकेत मात्र तेच नाव तिची प्रतिस्पर्धी असलेल्या केयुरिग डॉ. पेपर या कंपनीच्या मालकीचे आहे.

आता आपल्या घरचा इतिहास पाहू. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी कंपन्यांना भांडवलातील वाटा ४० टक्क्यांवर आणण्यास सांगितले. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, १९७७ साली, कोका-कोलाने ती अट मानण्याऐवजी देश सोडला. त्या पोकळीत मुंबईच्या पार्ले उद्योगाने थम्स अप बाजारात आणले आणि ते घरोघरी पोहोचवले. १९९० साली पेप्सी आली, तेव्हाही तिला ‘लेहर पेप्सी’ असे भारतीय शब्दाचे उपरणे पांघरूनच यावे लागले. पुढे नियम सैल झाले आणि ते उपरणे गळून पडले.

१९९१ साली नागपुरात स्वदेशी जागरण मंचाची स्थापना झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९९३ साली, रमेश चौहान यांनी थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, सिट्रा आणि माझा ही नावे सुमारे ६ कोटी डॉलरांना कोका-कोलाला विकली. गोल्ड स्पॉट पुढे बाजारातून नाहीसे झाले. थम्स अपने मात्र २०२१ साली एका वर्षात १०० कोटी डॉलरांच्या विक्रीचा टप्पा गाठला. चव आपल्या जिभेवर राहिली, उताऱ्यावरील नाव बदलले.

‘माझा’ची कथा तर अधिक बोलकी आहे. २००८ साली तुर्कस्तानातील या नावाच्या नोंदणीवरून कोका-कोला आणि चौहान यांची बिसलेरी कंपनी यांच्यात वाद उभा राहिला. वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. ऑक्टोबर २००९ मध्ये न्यायालयाने बिसलेरीला भारतात हे नाव वापरण्यास मनाई केली. येथे माल बनवून परदेशी पाठवणे हासुद्धा भारतातील वापरच ठरला. ज्यांनी या नावाला भारतात बाजारपेठ मिळवून दिली, त्यांनाच येथे ‘माझा’ म्हणता येईना!

याउलट कॅम्पा पाहा. १९७७ पूर्वी कोका-कोला भरणाऱ्या दिल्लीच्या प्युअर ड्रिंक्स समूहाचे हे पेय जवळजवळ विस्मृतीत गेले होते. पण नाव देशातच राहिले होते. म्हणूनच २०२२ साली रिलायन्सला ते घेता आले आणि २०२३ साली पुन्हा बाजारात आणता आले. राखलेले नाव पडीक जमिनीसारखे असते. पाऊस पडला की पुन्हा पेरता येते.

यातून कोणता बोध घ्यावयाचा? बाटली फोडण्याची घोषणा सोपी असते. नाव नोंदवणे, ते सांभाळणे आणि विकण्याऐवजी परवान्याने देणे हे कष्टाचे काम आहे. आपल्या देशात १९९९ चा भौगोलिक मानांकनाचा कायदा आहे. त्याच्या २४ व्या कलमानुसार असे मानांकन विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही, गहाणही ठेवता येत नाही. सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमाला हे मानांकन लाभले आहे. कोणतीही कंपनी कितीही डॉलर घेऊन आली, तरी ते नाव त्या भूमीपासून तोडू शकत नाही. अर्थात मानांकनाने गिऱ्हाईक आपोआप येत नाही. स्वच्छ उत्पादन, सातत्य आणि वितरण ही जबाबदारी उत्पादकांची, आणि त्यांच्या मालाला मागणी देण्याची जबाबदारी समाजाची.

भुशीच्या टपरीवर पुढच्या पावसाळ्यात कोकम सरबताची बाटली इतर बाटल्यांच्या बरोबरीने मांडली गेली पाहिजे. स्वदेशीचे व्रत तेथूनही आचरता येते.