मुलांनी बातमी आणली पाहिजे

(नरसी नामदेव येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



नरसी नामदेवात उभं राहून बोलणाऱ्याने आधी आपली जबाबदारी ओळखावी. ज्ञानदेवांच्या समाधीचा प्रसंग आणि त्यांच्याबरोबरची तीर्थयात्रा नामदेवांनी अभंगांतून सांगितली. पुढे ते पंजाबात गेले, तिथल्या लोकांशी तिथल्या बोलीत बोलले. त्यांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. माणसं आहेत तिथं जायचं आणि जे सांगायचं ते त्यांना कळेल असं सांगायचं, हा या गावाचा वारसा आहे. शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांनी स्वतः चालवलेली बोलकी पत्रकारिता कशी सुरू करावी आणि कशी टिकवावी, या माझ्या आजच्या विषयाला याहून योग्य जागा नाही.

आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत रोज सकाळी परिपाठ होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा. त्यातच एखादी मुलगी पुढे येऊन वर्तमानपत्रातल्या ठळक बातम्या वाचते. ठरलेली वेळ, निवेदक आणि समोर बसलेले श्रोते, असं प्रसारणाला लागणारं बरंच काही आपल्याकडे आधीपासूनच आहे. उणीव एवढीच की ती बातमी मुलांची नसते. दिल्लीत काय घडलं ते मुलगी खणखणीत आवाजात वाचते, पण आपल्या वस्तीवरचा हातपंप का बंद आहे, हे विचारायला तिला कोणी पाठवलेलं नसतं. मुलांनी बातमी वाचणं पुरेसं नाही, मुलांनी बातमी आणली पाहिजे, एवढंच मला आज सांगायचं आहे. आणताना ती प्रश्न विचारायला शिकतात, उत्तर ताडून पाहायला शिकतात आणि आपण बोललो त्याची जबाबदारी घ्यायला शिकतात. यातली एकही गोष्ट पाठांतराने येत नाही.

यासाठी लागणारा हक्क आपल्याला मिळालेला आहे. क्रिकेटचे सामने दूरचित्रवाणीवर दाखवण्यावरून सुरू झालेला एक वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 9 फेब्रुवारी 1995 रोजी निकाल लागला. महाराष्ट्राचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या पीठावर होते. प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांवर सरकारची किंवा कोणा एकाची मक्तेदारी असू शकत नाही, असं न्यायालयाने बजावलं. त्यातूनच पुढे सामुदायिक रेडिओचं दार उघडलं. 1 फेब्रुवारी 2004 रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं. नोव्हेंबर 2006 मध्ये धोरण बदललं आणि शिक्षणसंस्थांबरोबर सेवाभावी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांनाही परवाने मिळू लागले. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’, मुंबई विद्यापीठाचा ‘मस्ट रेडिओ’ ही विद्यार्थ्यांच्या आवाजाची ठिकाणं झाली. 2008 साली साताऱ्याच्या दुष्काळी माणदेशात, म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू झाली. त्याच वर्षी तेलंगणातल्या जहीराबादजवळ माचनूरला दलित शेतकरी स्त्रियांनी ‘संघम रेडिओ’ चालवायला घेतला. ज्यांच्याकडे जमीन थोडी आणि शिक्षण त्याहून थोडं, त्या बायकांनी यंत्रं हाताळली, मुलाखती घेतल्या, बियाण्यांवर आणि औषधी पाल्यावर कार्यक्रम केले. हे आपल्या शाळेला कसं जमेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी माचनूर डोळ्यांसमोर आणावं.

पण परवान्याच्या मागे लगेच लागू नका, असं मी मुख्याध्यापकांना सांगतो. सामुदायिक केंद्राची ताकद 100 वॅटची, आवाज जातो साधारण दहा-बारा किलोमीटर. मनोरा, वीज, देखभाल आणि रोजचे कित्येक तास भरण्याचं ओझं असतं. शिवाय स्वतःच्या राजकीय बातम्या देण्याची या केंद्रांना मुभा नाही. तेव्हा आधी माणसं तयार करा. एक बरा मोबाइल फोन, कानाला लावायचा हेडफोन, परिपाठाचा ध्वनिक्षेपक आणि एक वही एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं.

कामाची घडी अशी बसवा. इयत्ता सातवी ते नववीची आठ-दहा मुलं-मुली घेऊन एक तुकडी करा. कोणी बातमीदार, कोणी संपादक, कोणी ध्वनिमुद्रण करणारा, कोणी निवेदिका. दर महिन्याला कामं बदला, म्हणजे गोड गळ्याच्या मुलीकडेच कायम निवेदन आणि लाजऱ्या मुलाकडेच कायम वायर गुंडाळणं असं होणार नाही. सोमवारी बैठक, विषय ठरवायचे. मंगळवार-बुधवार शाळा सुटल्यावर गावात फिरायचं. गुरुवारी लिहायचं, शुक्रवारी ध्वनिमुद्रण, शनिवारी परिपाठात पाच मिनिटांचं बातमीपत्र. पाचच मिनिटं, पण दर शनिवारी. ब्रिटनमध्ये बीबीसीने 2007 पासून काही वर्षं शाळांसाठी ‘स्कूल रिपोर्ट’ नावाचा उपक्रम चालवला. मार्च महिन्यातल्या ठरलेल्या दिवशी देशभरातली मुलं ठरलेल्या वेळेच्या आत आपली बातमी पूर्ण करून प्रसारित करत. त्यातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे वेळेचं बंधन. मुदत आली की मूल काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ठरवायला लागतं, आणि तिथेच त्याची विचारशक्ती कामाला लागते.

लिहायचं ते कानासाठी. वाक्य लहान, एका वाक्यात एकच आकडा. मोठ्याने वाचताना जिथे दम लागतो तिथे वाक्य मोडा. पंखा बंद करून, दारं लावून ध्वनिमुद्रण करा. माणूस जसा बोलतो तसा त्याला बोलू द्या. एखादी आजी हळद शिजवण्याची जुनी रीत सांगत असेल, तर तिची बोली पुस्तकी करायला जाऊ नका. आपल्या मराठवाडी बोलीला बातमीपत्रात जागा मिळाली की ती बोलणाऱ्या मुलाचीही मान वर होते.

विषय शोधायला लांब जावं लागत नाही. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळदीची आवक किती झाली, भाव काय निघाला, मोबाइलवर फिरलेला भाव आणि पट्टीवर मिळालेला भाव यांत फरक किती? कयाधूला पूर आला तर कुठला रस्ता बंद होतो? आषाढीनंतर परतवारीला इथे लाखोंची गर्दी होते, तेव्हा पाण्याची आणि स्वच्छतेची सोय कोण करतं? ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुलं शाळेत परत कधी येतात? असा प्रत्येक प्रश्न घेऊन कोणत्या तरी दारात जाऊन उभं राहावं लागतं. दवंडी फक्त वरून खाली सांगते. मुलांचं बातमीपत्र खालून वर विचारतंही.

आता सर्वांत महत्त्वाचं, पडताळणी. 21 मार्च 2024 च्या पहाटे आपला हिंगोली जिल्हा भूकंपाने हादरला. पहिल्या धक्क्याची तीव्रता 4.5 होती, साधारण दहा मिनिटांनी दुसरा धक्का बसला. त्याच वर्षी 10 जुलैला पुन्हा 4.5 तीव्रतेचा धक्का आला. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरातले लोक तर वर्षानुवर्षं जमिनीतून येणारे आवाज ऐकत आले आहेत. ज्यांनी 1993 चा किल्लारीचा भूकंप पाहिला, त्यांच्या मनातली भीती अशा वेळी लगेच जागी होते. नेमक्या याच वेळी ‘आज रात्री अमुक वाजता मोठा धक्का बसणार’ असे निरोप फोनवर फिरू शकतात. भूकंपाची वेळ आधी सांगणारं शास्त्र जगात आज कोणाकडेच नाही, हे सातवीच्या मुलालाही समजावता येतं. शिकलेली तुकडी अशा सकाळी काय करेल? तीव्रता राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या नोंदीवरून घेईल, नुकसान तलाठ्याला आणि पोलीस पाटलांना विचारेल, तडे गेलेली घरं स्वतः जाऊन पाहील. जे कळलं ते सांगेल, जे कळलं नाही तेही ‘अजून कळलेलं नाही’ असं स्पष्ट सांगेल. एका सकाळी एवढं जमलं, तरी गावाने त्या तुकडीवर केलेला सगळा खर्च वसूल झाला.

काही मर्यादा मात्र कडक पाळाव्यात. अत्याचारग्रस्त किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या बालकाची ओळख उघड करायला पॉक्सो आणि बालन्याय कायद्याने बंदी आहे. हे मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवा. ज्या घरात मृत्यू झाला आहे, तिथल्या लेकराच्या तोंडासमोर माइक धरायचा नाही. परवानगीशिवाय कोणाचा आवाज मुद्रित करायचा नाही. चूक झाली तर पुढच्या शनिवारी, बातमीपत्राच्या सुरुवातीलाच दुरुस्ती सांगायची.

गुरुजनांनाही माझी एक विनंती आहे. कधीतरी बातमी शाळेचीच निघेल. पोषण आहार उशिरा आला, स्वच्छतागृहाला पाणी नाही. तेव्हा नियम एकच ठेवा. बातमी ताडून पाहिली नसेल तर थांबवा, गैरसोयीची आहे म्हणून थांबवू नका. हा नियम पहिल्या दिवशी कागदावर लिहून शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मंजूर करून घ्या. मोकळेपणा एखाद्या मुख्याध्यापकाच्या स्वभावावर सोडला, तर तो त्यांच्या बदलीबरोबर जातो.

असे उपक्रम सुरू होतात त्याहून जास्त वेळा बंद पडतात. पैसा हे त्याचं कारण क्वचितच असतं. उत्साही गुरुजींची बदली होते, दहावीची मुलं निघून जातात आणि कपाटाची किल्ली सापडत नाही. मोठी इमारत आणि मोठा स्टुडिओ असला म्हणजे काम टिकतंच असंही नाही. पुण्याची ‘बालचित्रवाणी’ 1984 मध्ये सुरू झाली, मुलांसाठी कार्यक्रम बनवत राहिली आणि 2017 मध्ये बंद झाली. म्हणून आपल्या तुकडीची पाळंमुळं गावात असू द्या. एकाऐवजी दोन शिक्षक जबाबदार धरा. नववीच्या मुलांनी सातवीच्या मुलांना शिकवणं हा अभ्यासाचाच भाग समजा. कोणाला कधी विचारलं, काय उत्तर मिळालं याची नोंदवही ठेवा. दहा वर्षांनी ती वही या गावाचा इतिहास सांगेल. हिंगोली जिल्हा ज्या विद्यापीठाच्या कक्षेत येतो, त्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात माध्यमशास्त्राचं संकुल आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना महिन्यातून एकदा बोलवा. त्यांना गाव कळेल, आपल्या मुलांना तंत्र कळेल. परभणी आणि नांदेडची आकाशवाणी केंद्रं मुलांना दाखवून आणा.

शेवटी ज्येष्ठ मंडळींना सांगतो. ही तुकडी टिकेल की नाही हे शाळेत ठरत नाही, तुमच्या ओसरीवर ठरतं. उद्या एखादी तेरा वर्षांची पोरगी वही घेऊन सरपंचांकडे, ग्रामसेवकांकडे, दुकानदाराकडे येईल आणि विचारेल, ‘काका, हे असं का?’ तिला ‘तुला काय करायचंय’ म्हणून परत पाठवू नका. तिला बसायला सांगा, खरं उत्तर द्या, कागद असेल तर दाखवा. आणि उत्तर ठाऊक नसेल, तर ‘ठाऊक नाही, शोधून सांगतो’ म्हणा आणि खरोखर शोधून सांगा. मुलं बातमी आणायला तयार आहेत. गावाने उत्तर द्यायला तयार व्हावं, एवढीच माझी मागणी आहे.