शहराजवळच्या डोंगराचे छायाचित्र

पुण्याच्या नैऋत्येला, रस्त्याने तीसेक किलोमीटरवर सिंहगड आहे; समुद्रसपाटीपासून साधारण १,३०० मीटर उंच. गडावर निघणाऱ्या बहुतेक छायाचित्रांत पुढे माणसे असतात, पिठलं-भाकरीचे ताट असते, आणि गड मागे कुठेतरी. कलात्मक निसर्गछायाचित्रणात विषय खुद्द डोंगर असतो. तो जागचा हलत नाही, त्यामुळे बदलत राहतात ते फक्त ऊन आणि हवा. शहराजवळचा डोंगर मोलाचा ठरतो तो यासाठीच. हिमालयात गेलेल्याला आठवडाभरात मिळेल तेवढे घेऊन परतावे लागते. पुण्यातल्या विद्यार्थ्याला तोच गड आषाढात, आश्विनात आणि पौषातही पाहता येतो.

डोंगराची घडण आधी ओळखावी लागते. सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाचा आहे. कठीण थरांचे सरळ कडे झाले, मऊ थर झिजून उतार झाले. माथ्यावरच्या भर दुपारच्या उन्हात हे थर सपाट दिसतात. तिरप्या उन्हात प्रत्येक थराखाली सावलीची रेघ उमटते. खडकवासला धरणाकडून पाहिल्यास गड साधारण दक्षिणेला येतो, म्हणजे सकाळचे ऊन डावीकडून आणि संध्याकाळचे उजवीकडून. सोंडा आणि घळी उठून दिसायला यापेक्षा चांगली बाजू नाही. पोलरायझर फिल्टरही सूर्याशी काटकोनात सर्वाधिक काम करतो, त्यामुळे आकाश गडद होते.

खरी कसोटी हवेची आहे. हवेचे रेणू निळा प्रकाश अधिक विखुरतात, म्हणून दूरची डोंगररांग जवळच्या रांगेपेक्षा फिकट आणि निळसर दिसते. चित्रातली खोली या फिकटपणातूनच येते. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार हवेखाली अडकते, शहराचा धूर तिच्यातच कोंडतो आणि गडाचा पायथा नाहीसा होतो. पावसाळ्यात एखादी जोराची सर येऊन गेली की तासाभरासाठी हवा धुतल्यासारखी होते. कड्यावरचे ओले गवत तेव्हा दुरूनही वेगळे काढता येते. ही वेळ साधायची तर कॅमेरा आधीच ट्रायपॉडवर लावलेला हवा.

गडावरचा दूरदर्शनचा मनोरा संगणकावर पुसून टाकण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. मनोरा आणि पायथ्याकडे सरकणाऱ्या इमारती या डोंगराच्या आजच्या सत्याचा भाग आहेत, आणि डोंगर केवढा आहे याचे मापही त्यांच्यामुळेच मिळते. दूरवरून लांब लेन्सने टिपल्यास इमारती आणि गड एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. हा परिणाम लेन्सचा मानला जातो, पण तो असतो अंतराचा. लेन्स फक्त तेवढा तुकडा कापून घेते.

कळ दाबण्याआधीच अंतिम चित्र मनात पाहण्याची शिस्त अमेरिकन छायाचित्रकार अँसल ॲडम्स यांनी घालून दिली. १९२७ साली योसेमिटी खोऱ्यातल्या हाफ डोम या कड्यासमोर त्यांच्याजवळ काचेच्या मोजक्याच प्लेट उरल्या होत्या. पिवळ्या फिल्टरने एक टिपल्यावर आकाश फिके येणार, कड्याचा दरारा हरवणार, हे त्यांच्या लक्षात आले. शेवटच्या प्लेटला त्यांनी गडद लाल फिल्टर लावला. लाल काच निळा प्रकाश अडवते. कृष्णधवल चित्रात आकाश जवळजवळ काळे उतरले आणि उजळलेला कडा पुढे आला.

काम प्रिंटपर्यंत गेल्याशिवाय संपत नाही. पडदा स्वतः उजेड देतो, कागद फक्त परावर्तित करतो. म्हणून पडद्यावर नीट दिसलेल्या घळी कागदावर काळ्या पडतात. स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात लावायचे चित्र आधी लहान आकारात छापावे आणि भिंतीवर जो उजेड असणार त्याच उजेडात तपासावे. सावल्या बुजल्या असतील तर तेवढ्याच भागात उजळवून पुन्हा छापावे. चकचकीत कागदात काळा रंग अधिक खोल येतो, पण काचेसारखी तिरीप मारते. धुक्यातल्या डोंगररांगांना सुती, खरखरीत कागद अधिक मानवतो.