रानात रेंज नसताना

(लाटंबार्से येथे गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



माटोळी बांधून झाली की आपण कौतुकाने तिच्याकडे बघतो. पण ती कवंडळे, कांगणे, घागऱ्या आणायला चवथीआधी आपल्यातले कितीतरी जण रानात फिरतात. पावसाळी रान, निसरडे दगड, आणि खिशातल्या मोबाईलवर रेंज शून्य. दोडामार्गच्या डोंगरात किंवा सत्तरीत म्हादईच्या अभयारण्याकडे गेलेल्यांना हे सांगायला नको. 2024 च्या जुलैत सत्तरीतल्या पालीच्या धबधब्यावर पाणी वाढून सुमारे 80 माणसे अडकली. ती सुखरूप बाहेर आली, ही देवाची कृपा आणि बचावाला गेलेल्यांची मेहनत.

आता घरोघरी एक वाक्य ऐकू येते, "मुलाने अमेरिकेहून आयफोन पाठवलाय, तो रेंज नसली तरी उपग्रहावरून मदत मागतो." ही सोय खरीच आहे. आयफोन 14 पासून ती आली आणि 2022 च्या नोव्हेंबरात अमेरिका व कॅनडात सुरू झाली. पण ती चालते की नाही हे आपण कुठे उभे आहोत त्यावर ठरते, आणि ती सुरू असलेल्या देशांच्या यादीत आज भारत नाही. तोच फोन न्यूजर्सीच्या डोंगरात मदत मागेल, कासारपालच्या रानात गप्प बसेल. आम्ही डिप्लोमावाली माणसे, हातात यंत्र आले की आधी उलटेसुलटे करून बघतो. भरवसा ठेवण्याआधी तुम्हीही तेवढे करा.

मुलगा म्हणतो, "बाबा, नकाशावर तर निळा ठिपका दिसतो की!" दिसतो. तो जीपीएसमुळे. ते उपग्रह सुमारे 20 हजार किलोमीटर उंचीवरून सतत संकेत पाठवतात आणि फोन ते फक्त ऐकतो, जसा आपण रेडिओ ऐकतो. ऐकायला टॉवर लागत नाही; टॉवर नसला तर ठिपका जरा उशिरा लागतो इतकेच. पण आपण पडलो आहोत हे कोणाला कळवायचे तर फोनला बोलावे लागते, आणि तिथे टॉवरच लागतो. जिथे उपग्रहाची सोय सुरू आहे तिथेसुद्धा मोकळे आभाळ हवे, फोन उपग्रहाच्या दिशेने धरावा लागतो, आणि झाडीखाली निरोप जायला वेळ लागतो.

आता थोडे कायद्याचे, कारण यात आपलेच पाहुणे अडकू शकतात. परदेशात डोंगरात फिरणारे लोक उपग्रहावरून निरोप पाठवणारे हातात मावेल एवढे यंत्र जवळ ठेवतात. आपल्याकडे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय उपग्रह फोन किंवा असे यंत्र बाळगणे हा गुन्हा आहे. 1885 चा तार कायदा आणि 1933 चा बिनतारी तार कायदा यांपासून हे बंधन चालत आले, आणि 26/11 च्या हल्लेखोरांकडे उपग्रह फोन सापडल्यावर तपासणी आणखी कडक झाली. 2024 च्या डिसेंबरात दाबोळी विमानतळावर एका परदेशी पाहुणीला अशाच यंत्रामुळे अडवले गेले आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. मोपावर उतरणाऱ्यालाही कायदा तोच. आम्हाला हे बंधन जरा जुनाट वाटते. जंगलात हरवलेल्याच्या हातातले यंत्र आणि घातपात्याच्या हातातले यंत्र यांत फरक करायला हवा. पण नियम आहे तोवर आहे.

किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचे मात्र या बाबतीत आपल्यापेक्षा बरे चालले आहे. इस्रोचे संकटसंदेश यंत्र 2010 पासून होड्यांवर आहे. 2024 च्या जानेवारीत आलेल्या त्याच्या नव्या रूपात, "तुमचा निरोप पोचला" असे उत्तरही होडीवर येते. बुडणाऱ्याला त्या एका ओळीचा केवढा धीर! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पालघरला पंतप्रधानांनी एक लाख होड्यांवर ट्रान्सपाँडर बसवायची योजना सुरू केली. रानात जाणाऱ्यांसाठी तसे काही अजून नाही.

मग आपण काय करायचे? निघण्यापूर्वी घरी सांगा, कुठल्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार. हे सर्वांत जुने, आणि आमच्या मते अजूनही सर्वांत भरवशाचे. त्या भागाचा नकाशा घरीच फोनमध्ये उतरवून घ्या. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी 112 लावून बघा. तो कॉल दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही जातो. कॉल लागत नसेल तर एसएमएस करून पाहा, त्याला कमी सिग्नल पुरतो. शक्य असेल तर थोडे चढावर जा, पण पाय मोडला असेल तर हलू नका, सोबत्याला पाठवा. त्याच्याकडे जागेचे आकडे लिहून द्या. लाटंबार्शात ते 15 आणि 73 ने सुरू होतात, सत्तरीत आत गेलात की 73 चे 74 होतात. "मोठ्या आंब्याकडे या" म्हटले तर बचावाला येणारा कुठल्या आंब्याकडे जाणार?

हे आकडे आपल्या फोनवर कुठे दिसतात ते ज्यांना बघायचे असेल त्यांनी आरतीनंतर थांबा. आपण बाहेर अंगणात जाऊ, मंडपाच्या पत्र्याखाली ते नीट लागत नाहीत.