मूठ बनवताना ब्रेक विसरलो

मी मोहालीच्या सेक्टर ६७ मधून बोलतोय. चंदीगडचा विमानतळ इथून जवळ आहे, आणि त्याच धावपट्टीवरून हवाई दलाची विमानंही उडतात. १९६३ साली मिग-२१ हवाई दलात दाखल झालं ते इथेच, २८ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनकडे. आणि २६ सप्टेंबर २०२५ ला त्याला निरोप दिला गेला तोही इथेच. मधल्या काळात आपल्या नाशिकजवळ ओझरला, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात ही विमानं बांधली गेली. त्यामुळे नाशिककडच्या पुष्कळ घरांत या विमानावर काम केलेलं कुणी ना कुणी सापडेल.

मी स्वतः लष्करातला, म्हणजे जमिनीवरचा माणूस. निवृत्तीनंतर संगणकावर विमान उडवण्याचा नाद लागला. डीसीएस वर्ल्ड नावाच्या सिम्युलेटरमध्ये मिग-२१ बिस आहे. ते घेतलं आणि लक्षात आलं, की बाजारात मिळणाऱ्या बहुतेक जॉयस्टिकची मूठ अमेरिकन विमानांच्या धाटणीची असते. म्हटलं, मिगची मूठ आपणच बनवू.

पहिली पायरी आकाराची. मी फोटोंवरून मापं घेतली आणि तिथेच पहिली चूक केली. जवळून काढलेल्या फोटोत पुढचा भाग मोठा आणि मागचा लहान दिसतो. संग्रहालयात फोटो काढायचा असेल तर चार पावलं मागे जा, झूम करा आणि समोरून, बाजूने, वरून असे वेगवेगळे काढा. चंदीगडच्या सेक्टर १८ मध्ये २०२३ पासून हवाई दलाचं हेरिटेज सेंटर आहे, तिथे जुनी विमानं बघायला मिळतात. मात्र जिथे फोटोला मनाई आहे तिथे काढायचा नाही, आणि सेवेतल्या विमानाच्या वाटेला जायचं नाही. हा आपला छंद आहे.

थ्रीडी प्रिंटरवर मूठ दोन फाकांत छापली, म्हणजे आत तारा आणि बटणं बसवता येतात. छपाईला वापरलं पीएलए. हे प्लॅस्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडायला लागतं. मे महिन्यात मूठ गाडीत ठेवून बाजारात गेलो. परत येऊन बघतो तर मूठ वाकडी! पुढची पीईटीजीमध्ये छापली. ते आणखी वीसेक अंश सोसतं.

दुसरी पायरी विजेची. प्रो मायक्रो नावाचा छोटा बोर्ड घ्या. त्यात योग्य प्रोग्रॅम भरला की यूएसबी लावल्याबरोबर संगणक त्याला जॉयस्टिक म्हणून ओळखतो. दांडा किती कलला हे मोजायला जुन्या पद्धतीचा पोटेन्शिओमीटर चालतो, पण त्यात घासून घासून कार्बनची पट्टी झिजते आणि विमान उगाच थरथरतं. त्यापेक्षा हॉल सेन्सर घ्या. त्यात चुंबक सेन्सरला टेकतच नाही, त्यामुळे झीज नाही.

सगळं जुळलं. काळा रंग दिला, लाल बटण बसवलं. फोटोशेजारी ठेवली तर ओळखू येणार नाही, अशी मूठ झाली. मी खूश होतो.

आमच्या शेजारी एक साहेब राहतात. पंच्याहत्तरीच्या पुढचे, मिग-२१ उडवलेले. मी त्यांना सरच म्हणतो. त्यांना बोलावलं. हाताला थोडा कंप आहे, पण मूठ धरल्यावर तो कमी झाला. उड्डाण झालं, एक फेरी झाली, विमान उतरलं. मिग-२१ जमिनीला टेकतं तेव्हा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास असतो. सरांनी बोटं आवळली. विमान धावतच राहिलं आणि धावपट्टी संपून गवतात गेलं.

सर म्हणाले, "ब्रेक कहाँ है?"

मी म्हणालो, "सर, तो लिव्हर दिसण्यापुरता चिकटवलाय."

ते म्हणाले, "मग बाकीचं तरी कशाला बनवलंस?"

मला वाटलं होतं, महत्त्वाचं काय, तर गोळीबाराचा खटका. पण मिग-२१ चे चाकांचे ब्रेक दाबाच्या हवेवर चालतात आणि ते लावायचा लिव्हर मुठीवरच असतो. लिव्हर आवळायचा, आणि वळायचं त्या बाजूचं पेडल दाबायचं, म्हणजे त्या बाजूचं चाक जास्त धरतं. पहिल्यांदा धावपट्टीकडे जातानाच वैमानिकाची बोटं त्या लिव्हरवर असतात. जी गोष्ट त्या हाताने प्रत्येक उड्डाणात वापरली, तीच मी खोटी ठेवली होती.

मूठ पुन्हा उघडली. लिव्हरला बिजागरी, स्प्रिंग आणि स्वतंत्र हॉल सेन्सर बसवला. बटण लावू नका. बटणाने ब्रेक एकतर पूर्ण लागतो नाहीतर लागतच नाही. सेन्सरने हवा तेवढा लागतो.

सरांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, करंगळीला टेकायला जागा कमी आहे, कारण मी हातमोज्याचा विचारच केला नव्हता. दुसरी, दांडा फार आखूड आहे. खरा दांडा दोन गुडघ्यांच्या मध्ये उभा असतो. मी १० सेंटिमीटरचा ३० केला. आता तेवढ्याच कोनाला हात तिप्पट अंतर सरकतो, पण स्प्रिंग तीच ठेवली तर हाताला जोर एक तृतीयांशच लागतो. म्हणून स्प्रिंग जास्त ताठ हवी. आणि स्प्रिंग म्हणजे नकली, असं समजू नका. मिग-२१ मध्ये शेपटीचे पंख हायड्रॉलिक्सने हलतात, त्यांच्यावरचा हवेचा भार हातापर्यंत येत नाही. खेचताना हाताला जो विरोध जाणवतो, तो तिथेही स्प्रिंगचाच असतो.

हे मला फोटोत दिसलं नव्हतं. विमान संग्रहालयात राहील, पण लिव्हर किती आवळल्यावर चाक धरतं हे ज्यांच्या बोटांना ठाऊक आहे, त्यांतली पुष्कळ माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, तर प्रिंटर सुरू करण्याआधी एम-सीलचा गोळा लाकडी दांड्यावर थापून त्यांच्याकडे घेऊन जा. त्यांना तो मुठीसारखा धरू द्या, डोळे मिटून. बोटांचे ठसे उमटतील, त्यावरून मापं घ्या. आणि ते जे बोलतील ते वहीत उतरवा.

दुसऱ्या वेळी सरांनी विमान धावपट्टीवरच थांबवलं. वहिनींनी दिलेला चहा गार होऊन गेला होता. मूठ न सोडताच त्यांनी टेबलाखाली बघितलं आणि विचारलं, पेडल कधी?

पेडलांचं काम सुरू केलंय.